मिठाला जागणारा पट्टा

आज जानेवारीचा तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा. कोण जिंकलं, किती वेळात जिंकलं, हे हा अंक वाचून होईस्तोवर फोनवर येऊन गेलेलं असेल. आता पुढचे आठ दिवस धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आलेखांचा पाऊस पडेल. त्यातल्या काहींत पेडर रोडचा चढ सोडून भलतीकडेच हृदय उसळलेलं दिसेल : पहिल्याच किलोमीटरला २१५, मग एकदम १४०, मध्येच काही मिनिटं काहीच नाही. असं झालं की दोष यंत्राला जातो. ॲप काढून पुन्हा टाकलं जातं, घड्याळ रिसेट होतं, विक्रेत्याकडे तक्रार जाते. हृदयाचे ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा मात्र घामेजलेला, बॅगेच्या कोपऱ्यात तसाच पडलेला असतो. माझं म्हणणं असं की या पट्ट्याकडे इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणून पाहणं हीच मूळ चूक आहे. तो बनियनच्या जातीचा आहे. त्याची बहुतेक दुखणी सर्व्हिस सेंटरमध्ये नव्हे, मोरीत बरी होतात.

हे पटण्यासाठी पट्टा नेमकं काय ऐकतो ते पाहायला हवं. हृदय आकुंचन पावताना जी विद्युतलहर उठते ती छातीच्या कातडीवर पोचेपर्यंत जेमतेम एका मिलिव्होल्टची उरते. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन वाहक तुकडे ती टिपतात आणि मधली डबी दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते. अडचण कातडीची आहे. तिचा वरचा कोरडा थर विजेला सहजी वाट देत नाही. वाट लागते ती खारट ओलाव्याची. हे शहाणपण जुनं आहे. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाची विद्युतलहर पहिल्यांदा नोंदवली. पुढे ते आपला बुलडॉग जिमी याला खारट पाण्याच्या भांड्यांत उभा करून प्रात्यक्षिकं दाखवत. १९०९ मध्ये हा छळ असल्याची तक्रार थेट ब्रिटिश संसदेत गेली, तेव्हा गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी, पाण्यात साधं मीठ होतं, ज्यांनी समुद्रात पाय बुडवले असतील त्यांना त्याची कल्पना येईल, अशा आशयाचं उत्तर दिलं. लायडनच्या विलेम आइन्टहोवेन यांनी तर खारट पाण्याच्या भांड्यांत माणसांचेच दोन्ही हात आणि एक पाय बुडवून घेतले, शेकडो किलो वजनाच्या यंत्रावर आजच्या ईसीजीचा पाया घातला आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी हृदयगती-मापक बाजारात आणला तेव्हा ही सगळी प्रयोगशाळा छातीवरच्या एका पट्ट्यात आली, पण मिठाची अट काही सुटली नाही. फक्त मीठ आता आपल्याच अंगातून येतं.

म्हणून धावायला निघताना पट्टा कोरडा असेल तर तो बहिरा असतो. घाम येईपर्यंतची पहिली दहा मिनिटं तो जे सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये. त्यातच सिंथेटिक टी-शर्ट वाऱ्याने फडफडून पट्ट्यावर घासला जातो, स्थिर वीज तयार होते आणि डबीला ते हृदयाचे ठोके वाटतात. २०० च्या वरचे बरेचसे आकडे या शर्टाचे असतात. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या थंडीत हा त्रास जास्त जाणवतो, मुंबईच्या दमट हवेत कमी. उपाय फुकटचा आहे : पट्टा चढवण्याआधी दोन्ही वाहक तुकडे पाण्याने नीट ओले करावेत, कोरडी हवा असेल तर त्यावर ईसीजी किंवा सोनोग्राफीसाठी वापरतात ते जेल बोटभर लावावं. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, खोल श्वास घेतला तरी सरकणार नाही इतका घट्ट हवा. बायकांना स्पोर्ट्स ब्राची पट्टी याच जागेवर येत असल्याने दोन्हींपैकी एक वर-खाली सरकवणं भाग पडतं, आणि पुरुषी छातीवर बेतलेल्या सूचनापत्रकांत याबद्दल फारसं काही नसतं.

आता मिठाची दुसरी बाजू. ज्या घामामुळे पट्टा चालतो तोच वाळला की त्याला मारतो. पाणी उडून जातं, क्षार राहतात. त्यात कातडीचा तेलकटपणा, सनस्क्रीन, आणि आपल्याकडे अंगाला चोळलेलं खोबरेल मिसळतं. हा लेप वीज अडवतो आणि हळूहळू कापडातला वाहक थरही खातो. तरी धावून आल्यावर मोजे धुवायला पडतात आणि पट्टा खिळ्यावर लटकतो. खरं तर दर वेळी डबी काढून पट्टा नळाखाली धुवायचा, एवढं पुरतं. पोलार आपल्या एच-टेन पट्ट्यासाठी याशिवाय निदान दर पाचव्या वापरानंतर मशीनमध्ये ४० अंशांच्या पाण्यात धुवायला सांगते. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर दोन्ही वर्ज्य, कारण सॉफ्टनर धाग्यांवर आपलाच एक थर चढवतो. पिळू नये, इस्त्री करू नये. डबी काढण्याचं कारण फक्त गंज नाही. ती पट्ट्याला जोडणाऱ्या टिचबटणांमधून वीज वाहते आहे असं दिसलं की डबी जागी होते. पट्टा ओला असताना ती जोडलेली ठेवली तर तिला वाटतं मालक अजून धावतोच आहे, आणि खुंटीवर टांगल्या टांगल्या सेल संपतो.

इतकं करूनही आकडा येत नसेल तर दोष कुठे आहे हे शोधण्याची एक युक्ती आइन्टहोवेन यांना नक्की आवडली असती. डबी पट्ट्यापासून सोडवावी, दोन्ही अंगठे ओले करून एकेका बटणावर एकेक ठेवावा आणि हात न हलवता थोडं थांबावं. डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंतचा हा मार्ग म्हणजे त्यांच्याच ईसीजीची पहिली जोडणी. फोनवर ठोके दिसले तर डबी, सेल आणि ब्लूटूथ तिन्ही ठीक आहेत, दोषी पट्टा. तो धुऊनही सुधारला नाही तर आयुष्य संपलं समजावं आणि नुसता पट्टा बदलावा, डबी नव्हे. ठोके दिसलेच नाहीत तर आधी सेल. तो बसवताना झाकणातलं रबरी कडं जागेवर आहे ना ते पाहावं, नाहीतर पुढच्याच धावेला घाम आत. मुलांनी गिळू नये म्हणून काही बटण-सेलवर कडू लेप दिलेला असतो आणि काही उपकरणांत तो संपर्कच तोडतो. नवाकोरा सेल मेलेला वाटला तर ही शंका घ्यावी. सेल ठीक असेल तर ब्लूटूथ : बऱ्याच डब्या एका वेळी एक-दोनच उपकरणांशी बोलतात, त्यामुळे खिशातल्या फोनच्या एखाद्या ॲपने ती जागा अडवली की घड्याळाला डबी सापडत नाही.

यावर कुणी विचारेल, मनगटावरचं घड्याळ हिरव्या दिव्याने ठोके मोजतं, मग हा धुण्याचा खटाटोप कशाला? रोजच्या सावकाश धावण्यासाठी हा आक्षेप मला मान्य आहे. पण घड्याळ वीज नाही, रक्ताचा प्रवाह पाहतं, तोही हलत्या हातावर. कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘जामा कार्डिऑलॉजी’त पन्नास निरोगी प्रौढांवरची तुलना छापली. तीत छातीचा पट्टा ईसीजीशी ०.९९ इतका जुळला, चार मनगटी यंत्रं ०.८३ ते ०.९१ च्या दरम्यान. यंत्रं तेव्हापासून सुधारली आहेत, पण वेगाच्या चढउतारांत फरक अजून उरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बोलत बोलत धावता येतंय का एवढं पाहिलं तरी पुरतं, आकडे हवेतच कशाला? कित्येकांना खरंच नकोत. २२० वजा वय या सूत्रावर प्रशिक्षणाचे इमले बांधणाऱ्यांना तर नकोतच, कारण ते सूत्र एकेकट्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. पण पट्टा घ्यायचा ठरवलाच असेल तर घाणेरडा वापरणं हा सर्वांत वाईट पर्याय. तिथे पैसेही जातात आणि चुकीच्या आकड्यावर विश्वासही बसतो.

आणि एक प्रसंग असा येऊ शकतो जिथे धुतलेल्या पट्ट्याची किंमत कळते. हृदयाची लय खरोखर बिघडली तरी आलेखात अशीच उडी दिसते : १४० वरून एका ठोक्यात २१०, काही मिनिटं तिथेच, मग तितक्याच अचानक खाली. मळक्या पट्ट्यावर ही उडी आणि टी-शर्टची वीज वेगळी काढता येत नाही, म्हणून दोन्हींना ‘पट्टा बिघडला’ म्हणून सोडून दिलं जातं. पट्टा स्वच्छ, ओला आणि घट्ट असेल, घाम सुटून अर्धा तास झाला असेल आणि तरीही आकडा उसळला तर तो गांभीर्याने घ्यावा. सोबत छातीत धडधड, चक्कर, दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर जागीच थांबून वैद्यकीय मदत मागावी. काही जाणवलं नाही तरी ती नोंद पुसू नये. पट्टा ईसीजीची जागा घेत नाही, पण नेमकी वेळ आणि आकडा हातात असला की डॉक्टरांना दिवसभर ईसीजी नोंदवणारा होल्टर लावायचा की ट्रेडमिलवर चालवायचं, हे ठरवणं सोपं जातं.