कपाटातला अग्निबाण आकाशात

खेळण्यांच्या मोठ्या दुकानात प्लास्टिकच्या मॉडेलचे संच मिळतात. खोक्यात सुटे भाग आणि एक नकाशा. भाग चिकटवायचे, रंगवायचे आणि कपाटात मांडून ठेवायचे. १९६९ साली माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या ‘सॅटर्न ५’ या अग्निबाणाचेही असे संच निघाले. मूळ अग्निबाण सुमारे ११० मीटर उंच. त्याची १४४ पट लहान प्रतिकृती पाऊण मीटरच्या थोडी वर भरते. ती कपाटात ठेवल्यावर एखाद्याला वाटणारच, की ही खरोखर उडाली तर? अमेरिकेत असे वाटणारे इतके निघाले, की हौशी अग्निबाणवाल्यांच्या स्पर्धांत त्यासाठी वेगळा प्रकार ठेवला गेला. मॉडेल हुबेहूब दिसले पाहिजे आणि उडालेही पाहिजे.

या छंदाचे मूळ एका चपला-बुटांच्या दुकानदाराकडे जाते. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल हे शोभेच्या दारूचे शौकीन, तर त्यांचे बंधू रॉबर्ट विमानांच्या मॉडेलचे. १९५४ साली दोघांच्या छंदांतून कागदी नळकांड्याचा, छत्रीने खाली उतरणारा छोटा अग्निबाण जन्मला. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतली पोरे लोखंडी नळ्यांत दारू ठासू लागली. नळ्या फुटत, बोटे जात, डोळे जात. त्यावर हॅरी स्टाइन वगैरे मंडळींनी काढलेला तोडगा साधा होता: दारूला मुलांनी हातच लावायचा नाही, इंजिन कारखान्यातून तयार होऊन यायचे. हा नियम आजही पहिला आहे. म्हणून दिवाळीच्या बाणातली दारू काढून प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये भरण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल, तर तो इथेच सोडावा. फुटलेल्या प्लास्टिकच्या कपच्या सुरीसारख्या येतात.

नेहमीचे छोटे इंजिन म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची, ७ सेंटिमीटर लांबीची जाड कागदी नळी. आत काळी दारू, मागे मातीची तोटी. त्यावर ‘सी६-३’ असे काहीतरी छापलेले असते. अक्षर एकूण ताकद सांगते आणि पुढचे प्रत्येक अक्षर म्हणजे दुप्पट. मधला आकडा सरासरी रेटा, इथे ६ न्यूटन. शेवटचा ३ म्हणजे मुख्य दारू संपल्यावर तीन सेकंदांनी पुढच्या बाजूला छोटा स्फोट होणार आणि त्याच्या धक्क्याने छत्री बाहेर पडणार.

आता अडचणी बघा. सहा न्यूटन म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम वजन पेलण्याइतका जोर. पण नुसते पेलून चालत नाही. सुरुवातीलाच वेग मिळावा म्हणून रेटा वजनाच्या पाचपट तरी असावा लागतो. म्हणजे आपल्याला मुभा १२० ग्रॅमची, त्यात इंजिन आणि छत्रीही आली. प्लास्टिक मुळातच जड.

खरी मेख मात्र तोलाची आहे. बॅडमिंटनचे फूल आठवा. कसेही टोलवले तरी ते बुचाची बाजू पुढे करून येते, कारण वजन पुढे आणि हवा अडवणारी पिसे मागे. दिवाळीच्या बाणाची लांब काडीही हवेचा जोर असाच मागे ओढून घेते. अग्निबाणातही गुरुत्वमध्य पुढे हवा आणि हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू मागे. दोन्हींत निदान नळकांड्याच्या व्यासाएवढे अंतर हवे. कपाटातल्या मॉडेलचे नेमके उलटे असते. खऱ्या ‘सॅटर्न ५’चे पंख चिमुकले होते. त्याला वळण लावण्याचे काम खालच्या पाचांपैकी बाहेरची चार इंजिने स्वतः कलून करीत. आपल्या मॉडेलला तो मेंदू नाही. इंजिन बसवले की शेपूट आणखी जड होते आणि सोडल्या सोडल्या मॉडेल गिरक्या घेऊ लागते.

उपाय दोन. एक, नाकात शिशाचे छर्रे किंवा चिकणमाती भरणे. पण वजन वाढले की इंजिन मोठे हवे, मोठे इंजिन शेपटात जड, की पुन्हा नाकात भर. कवितेत एक शब्द बदलावा आणि मागच्या दोन ओळी हलाव्यात, तसे हे. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: शेपटाकडे पारदर्शक प्लास्टिकचे मोठे पंख लावायचे. हवेला ते लागतात, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत.

हे जमले की नाही, ते उडवण्याआधी घरच्या अंगणात कळते. इंजिन, छत्री सगळे आत बसवून मॉडेल गुरुत्वमध्यापाशी दोरीला बांधायचे आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे ठेवून फिरले तर ठीक. आडवे किंवा उलटे फिरले तर पुन्हा कामाला बसायचे, दुसरा इलाज नाही.

राहिली उष्णता. हे प्लास्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, म्हणून आतून कागदी नळी घालून गरम वायूला तिच्यातूनच वाट द्यायची. छत्रीखाली न जळणारा कागद हवा. शेपटाच्या शोभेच्या तोट्या उड्डाणापुरत्या काढता याव्यात, नाहीतर त्या वितळल्याच म्हणून समजा.

उड्डाण सरळ सळईवरून, ठिणगी विजेच्या तारेने, आणि माणसे किमान पाच मीटर दूर. पंखांना पुरेसा वारा मिळेपर्यंत सळईच मॉडेलला सरळ धरते. उतरताना मैदान गवताचे असावे. कडक जमिनीवर रंगवलेल्या प्लास्टिकचा टवका उडतो आणि तो पुन्हा रंगवताना रंग कधी जुळत नाही.