डोंगराआडचा वर्ग

पोलादपूर तालुक्यांतील कापडे हें गांव सह्याद्रीच्या कुशींत वसलें आहे. मार्च २०२० मध्यें महाविद्यालयें बंद झालीं आणि अशा गांवांतील तरुणांचा वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागला. पण मोबाइलच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं त्या क्षीण होतात. त्याच वर्षीं ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानें रायगडांत विजेचे खांब पाडले, तेव्हां मोबाइलचे मनोरेही मुके झाले. कोंकणांतच, सिंधुदुर्गाकडील एक विद्यार्थिनी तर डोंगरावरच्या खोपटांत बसून मुंबईच्या वर्गास हजर राहत असे.

येथें थोडें गणित पाहूं. सेकंदास १० लक्ष बिट लागणारें चित्रमय व्याख्यान तासाभरांत ४५० मेगाबाइट घेतें. त्याचाच नुसता आवाज सेकंदास ६४ हजार बिटांनीं आला, तर सुमारें २९ मेगाबाइटांत काम भागतें. म्हणून अध्यापकांनीं आवाज व टिपणें आधीं पाठवावींत; चित्र मागाहून आलें तरी चालेल. आणि हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शेरा मारण्यापूर्वीं, विद्यार्थी व मनोरा यांच्यामध्यें कोणता डोंगर उभा आहे, एवढें अवश्य पाहावें.