दरवाजा नसलेले घर (लेखांक सहावा)

मागील लेखांकात आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'चा परामर्श घेताना मी असे प्रतिपादिले होते की, आपल्या कौटुंबिक चित्रपटाने घर म्हणून जे काही कल्पिले त्यात ओसरी, माजघर, देवघर आणि मुख्य म्हणजे आतून कडी लावता येईल असा दरवाजा हा गृहीतच धरलेला असतो. घरातले दुःख घरात राहते, चार भिंतींच्या आत पिकते आणि योग्य वेळी प्रेक्षकांच्या डोळ्यांना पाणी आणते. हे विधान आज आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीत पारखून पाहावयाचे आहे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कथेचे गाव नगरजवळचे अकोळनेर. प्रवरेच्या कालव्याने बागायती झालेल्या आमच्या देवळाली प्रवऱ्याहून ते फार दूर नाही, पण तिकडच्या मुलखाची बरीचशी भिस्त पावसावर. या चित्रपटाची चर्चा बहुधा जातिव्यवस्थेवरील भाष्य म्हणून किंवा पोरवयातील एकतर्फी प्रेमाची कथा म्हणून होते. माझ्या मते तो प्रथमतः कौटुंबिक चित्रपट आहे, आणि त्याचा सांगाडा तर 'माहेरची साडी' पाहून रडलेल्या कोणाही प्रेक्षकाच्या परिचयाचा आहे. उपवर मुलगी, हुंड्याची विवंचना, खचत चाललेला बाप, सोशिक आई आणि वयात येणारा, बापाच्या धंद्याची लाज वाटणारा मुलगा जब्या. फरक पडतो तो हे कुटुंब कैकाडी असल्यामुळे.

या समाजाची सरकारदप्तरी नोंदच विलक्षण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा १९५२ च्या ऑगस्टअखेर संपुष्टात आली, तरी आजही विदर्भाच्या काही जिल्ह्यांत जो कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो, तोच उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत गणला जातो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८० साली या समाजाचे बिऱ्हाड साहित्यात आणले. पडद्यावर ते यावयास आणखी तीन दशके लोटली.

आता तो दरवाजा. जब्याचा बाप कचरू माने (किशोर कदम) याच्या घराला आडोसा असा नाहीच. जत्रेत डुकराने गोंधळ घातला म्हणून गावची डुकरे धरण्याचे काम पाटील त्याच्यावर सोपवतो, लेकीच्या लग्नाला पैसा हवा म्हणून तो ते पत्करतो, आणि मग बाप, आई, मुली व जब्या असे अवघे कुटुंब शाळेच्या आसपास डुकरामागे धावत असताना गाव त्याकडे तमाशा म्हणून पाहते. डुक्कर हाती येण्याच्या बेतात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. बापलेकाचा जो संघर्ष अन्य चित्रपटांत माजघरात घडला असता, तो येथे भर चव्हाट्यावर, वर्गमित्रांच्या हशात घडतो. कुटुंब हेच जेथे मजुरीचे एकक आहे तेथे खासगी आयुष्य नावाची चैन परवडत नाही. गळीत हंगामात आमच्या भागात उतरणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या हिशेबाने मुकादमाची उचल ठरते, हे जाणणाऱ्या वाचकाला अधिक सांगणे नलगे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न येथे शिरगणतीने सुटत नाही. मंजुळे स्वतः वडार समाजातले, कैकाडी नव्हेत. जब्या साकारणारा, केमसारख्या गावातून आलेला सोमनाथ अवघडे यापूर्वी कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिला नव्हता, आणि तरी राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. बाप मात्र कसलेल्या अभिनेत्याने उभा केला. ही सरमिसळ मला खटकत नाही. कॅमेरा कोणाच्या चुलीजवळ बसून गावाकडे पाहतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्या कसोटीला 'फँड्री' निःसंशय उतरतो.

तथापि एक उणीव नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या शालूसाठी जब्या झुरतो, ती जवळजवळ मुकीच आहे. आणि जिच्या लग्नासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या बहिणीला स्वतःच्या लग्नाविषयी काय वाटते, हे विचारण्यास चित्रपटाला सवड होत नाही. जातीच्या बाबतीत जुन्या कुटुंबपटाशी उभा दावा मांडणारा हा दिग्दर्शक मुलीच्या लग्नाच्या बाबतीत मात्र त्याच जुन्या वहिवाटीने चालतो. दोन वर्षांनी आलेल्या 'सैराट'मध्ये त्याने नायिका आर्चीच्या हाती बुलेटच दिली. तिचा विचार पुढील लेखांकी.