गाळानं केलेली कमाई

नाशकात आलेला पाहुणा रामकुंडावर डोकं भिजवतो, काळारामाचं दर्शन घेतो, त्र्यंबकला जाऊन येतो, जमलंच तर एखाद्या वाइनरीत डोकावतो. ज्या गोदावरीत त्यानं बुडी मारली ती पुढं जाऊन काय करते, हे बघायला मात्र सहसा कुणी जात नाही. तिच्या मागोमाग चांदोरी, सायखेडा करत चाळीसेक किलोमीटर खाली गेलं की निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर लागतं. द्राक्षबागा, कांदा, ऊस आणि मधेच पसरलेलं पाणी. काठावरच्या गावांत शेतीइतकीच मासेमारीही मुरलेली आहे.

इथं गोदावरीला कादवा मिळते. इंग्रजांच्या काळात याच संगमापाशी बंधारा बांधला, तो कोपरगाव-राहात्याकडच्या दुष्काळी शेतांना कालव्यानं पाणी द्यायला. पण नद्या नुसतं पाणी थोड्याच आणतात! दर पावसाळ्यात गाळ येत गेला, बंधाऱ्याचं पोट भरत गेलं. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र लॉटरीच लागली, कारण गाळ साचून पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. त्यातच वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की पाणी चढतं, कालवे चालू झाले की उतरतं आणि ओला चिखल उघडा पडतो.

ही वीत-दोन वीत खोली किती मोलाची, ते चमचा पक्ष्याकडं दुर्बीण लावली की कळतं. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो अर्धवट उघडी चोच डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरवत चालतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाहीच. चोचीच्या चपट्या टोकाला काही हललेलं जाणवलं की चोच मिटली! पाणी हातभर जास्त चढलं तर या पठ्ठ्याला दुसरीकडं जेवायला जावं लागेल. त्याच्या अलीकडं चिखलात तुतवार टोचत असतात, पलीकडं वारकरी तरंगतात, त्याहून खोलात पाणकावळे बुड्या मारतात. एकाच पाण्यात खोलीप्रमाणे पंगती मांडलेल्या. हिवाळ्यात त्यांत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बसतात.

1986 मध्ये इथं अभयारण्य झालं. जानेवारी 2020 मध्ये ही 1,437 हेक्टर पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, कोरड्या मुलखात, माणसानं बांधलेल्या बंधाऱ्यामुळं हे घडलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

रामसरच्या नोंदीत एक मासाही आहे. पॅराप्सायलोरिंकस प्रेटेरी हे त्याचं शास्त्रीय नाव. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी 1938 मध्ये नाशिकजवळच्या देवळालीच्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. म्हणजे हा अस्सल नाशिककर. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. त्याचे जवळचे भाऊबंद खळाळत्या पाण्यात दगडांना बिलगून राहणारे. साठलेल्या पाण्यात कटला, रोहू पोसले जातात, याला मात्र वाहती नदी लागते. बंधाऱ्याचं कौतुक करताना ही दुसरी बाजूही जमेस धरायला हवी.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि उजाडायच्या आत. निफाडची थंडी राज्यात गाजलेली आहे, तेव्हा स्वेटर, कानटोपी घ्याच. भडक कपडे नकोत. चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर चढण्याआधी बंधाऱ्याचं पाणी चढलंय की उतरलंय, एवढं विचारून घ्या. उतरलं असेल तर त्या दिवशी दुसरा कुठलाही बेत ठेवू नका.