मुख्यसेविका: तपासनीस की मार्गदर्शक?
एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. या योजनेत अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या बीटमध्ये, म्हणजे कार्यक्षेत्रात, साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या. २०१८च्या पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांसाठी २१ छोटे पाठ आखले गेले. महिन्याच्या बैठकीत ते शिकवायचे मुख्यसेविकेने. रजिस्टरवर शेरा मारणं सोपं, शिकवणं किचकट. उदाहरणार्थ, दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. सेविकेने त्याला उभं केलं, तर मुख्यसेविकेने बाळ तिच्याकडून काढून घ्यायचं नाही. ‘‘ताई, याचं वय काय?’’ एवढंच विचारायचं नि थांबायचं. चूक तिचीच तिला सापडू द्यायची. पण बीटभर फिरून वर अहवालांचा ढीग उपसणाऱ्या बाईला एवढी उसंत असते कुठे? आधी तिची कागदपत्रं कमी करा, मग प्रशिक्षणाचं बोला.