पान्हा आणि पकड

पहाटे धारेला बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की म्हैस घाबरली, दुखावली किंवा गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, तर ती दूध चोरते. कासेत दूध असतं, पण ती पान्हवत नाही. तासगाव-पलूसकडे काय किंवा कराड-कोरेगावकडे काय, आधी रेडकू सोडायचं, कासेवरून हात फिरवायचा आणि तिनं पान्हा सोडला की मगच बादली खाली धरायची, ही रीत घरातल्या पोरांनाही ठाऊक असते.

त्याच घरात, गोठ्यापासून दहा पावलांवर, बाळंतिणीच्या खोलीत मात्र निराळं ऐकू येतं. पहिलटकरीण बाळाला अंगावर घेते, दातओठ आवळते, डोळ्यांतून पाणी काढते आणि कुणीतरी मायेनं म्हणतं, "पहिल्यांदा दुखतंच गं. बोंडांना चिरा पडल्याशिवाय दूध सुटत नाही. सोस जरा." हा सल्ला प्रेमातून येतो, पण तो चुकीचा आहे. सुरुवातीचे काही दिवस बाळानं तोंड लावताच क्षणभर टोचल्यासारखं, ओढल्यासारखं वाटू शकतं. पूर्ण पाजून होईपर्यंत टिकणारी कळ आणि चिरा मात्र बहुतेक वेळा एकच सांगत असतात: बाळाची पकड चुकली आहे.

आधी पान्ह्याचं पाहू. बाळ चोखू लागलं की स्तनातल्या नसा मेंदूला निरोप धाडतात आणि पिट्युटरी ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. दूध साठवणाऱ्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते. ती आवळली की दूध नळ्यांतून पुढे येतं. बाई असो वा म्हैस, यंत्रणा हीच. वेदना आणि धास्ती या निरोपात आडव्या येतात. १९४८ साली मायकेल आणि नाइल्स न्यूटन या अमेरिकेतल्या जोडप्यानं याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका आईच्या बाळाचं वजन पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर करायचं. शांतपणे पाजलं तेव्हा बाळाच्या पोटात सरासरी १६८ ग्रॅम दूध गेलं. पाजताना आईचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवणं, पायाची बोटं ओढणं असे त्रास दिले, तेव्हा ते ९९ ग्रॅमवर आलं. असेच त्रास देत असताना ऑक्सिटोसिनचं इंजेक्शनही दिलं, तेव्हा आकडा पुन्हा १५३ पर्यंत चढला. म्हणजे छातीत दूध होतं, वेदनेनं ते अडवून धरलं होतं. एकाच आईवरचा हा छोटा प्रयोग. पण 'सोस जरा' म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो जरूर ऐकावा. सोसून दूध वाढत नाही. उलट ते अडतं, बाळ उपाशी राहून रडतं आणि तिसऱ्या दिवशी घरात वरच्या दुधाचा डबा येतो.

आता पकड. जिभेचं टोक वरच्या दातांमागून टाळूवरून मागे न्या. पुढचा भाग हाडासारखा कडक लागतो, मागे एकदम मऊ. बाळाच्या तोंडातही हीच रचना असते. तोंडात फक्त बोंड गेलं, तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यात चेंगरतं, दिवसातून आठ-बारा वेळा. त्याच्या भोवतीचा काळा भागही भरपूर आत गेला, तर बोंड मऊ टाळूच्या जवळ पोहोचतं आणि तिथं ते घासत नाही. ऑस्ट्रेलियात डॉना गेडिस आणि सहकाऱ्यांनी बाळं पीत असतानाच सोनोग्राफी केली. २००८ साली त्यांनी दाखवलं की जीभ खाली जाते तेव्हा तोंडात पोकळी तयार होते आणि दूध मुख्यतः त्या ओढीनं येतं. नीट धरलेलं बाळ चावत नाही, ओढून घेतं.

यासाठी विरुद्ध हाताची पद्धत उत्तम. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं. त्याचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, आईचा तळवा बाळाच्या मानेखाली, डोकं मात्र मोकळं, मागून दाबलेलं नाही. नाक बोंडासमोर आणायचं आणि थांबायचं. बोंड वरच्या ओठाला लागलं की बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडतं, तेवढ्यात हनुवटी आधी टेकवून त्याला जवळ घ्यायचं. बाळाकडे आपण वाकायचं नाही, बाळ आपल्याकडे आणायचं. डाव्या हातानं स्तन वडापावसारखा हलका चेपायचा, म्हणजे बोटं आणि अंगठा बाळाच्या ओठांना समांतर राहतात. दोन बोटांच्या कात्रीत धरलं की बोटं काळ्या भागावर येतात आणि बाळाचं तोंड तिथवर पोहोचतच नाही. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात हे सारं मराठी व्हिडिओंतून दाखवलं आहे. दुपारच्या निवांत वेळी आई आणि आजीनं ते एकत्र पाहावेत. सिझेरियन झालं असेल तर कुशीवर झोपून किंवा बाळ काखेकडून घेऊन पाजलं की टाक्यांवर भार येत नाही.

तरीही दुखलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. दहा वेळा लावावं लागलं तरी चालेल. सुटलेलं बोंड गोल असावं. ते तिरकं चेपलेलं दिसलं तर पकड उथळ होती.

काय लावायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो. तूप, खोबरेल, लॅनोलिनचं मलम. २०१४ साली कोक्रेन संस्थेनं उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार काहीच न लावणं किंवा आपल्याच दुधाचा थेंब लावून सुकू देणं, हे लॅनोलिनइतकंच किंवा त्याहून बरं ठरू शकतं, आणि काहीही केलं तरी बहुतेकींचं दुखणं सात ते दहा दिवसांत सौम्य होतं. साबण मात्र टाळावा. काळ्या भागावरचे बारीक उंचवटे म्हणजे ग्रंथी असतात. त्यांचा स्निग्ध स्राव त्वचा जपतो, साबण तो धुऊन काढतो.

सगळ्यात नाजूक वेळ दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची. चिकाचं दूध थोडं असतं, पण या दिवसांत दूध उतरतं आणि छाती दगडासारखी होते. ताणलेल्या काळ्या भागावरून बाळाचं तोंड निसटतं. साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या दवाखान्यात नर्स शेजारी होती, पण आता बाळंतीण गाडीतून माहेरी पोहोचलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली, पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. दवाखाना गाठला, शिकवणं राहून गेलं. घरी पाचवीची तयारी, पाहुण्यांची वर्दळ, आणि मालिश करणारी बाई गाठी मोडायच्या म्हणून छाती रगडते. रगडू नये, त्यानं सूज वाढते. पाजण्याआधी हातानं थोडं दूध काढून काळा भाग मऊ करावा, पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी ठेवावी.

दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताईच्या सहा गृहभेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. पण नाव नोंदलेलं सासरच्या गावात आणि बाळंतीण माहेरच्या, असं झालं की पहिली भेट हुकू शकते. म्हणून आठव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईला सांगून ठेवावं आणि तिसऱ्या दिवशी ती आली की तिच्यासमोर पाजावं. पकड नीट असूनही आग होत राहिली, बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले, जीभ पुढे येत नसली, किंवा छाती लाल होऊन ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. तापातही साधारणपणे पाजणं थांबवायचं नसतं.

पकड जमली की खोलीतला आवाज बदलतो. चुटचुट थांबते, दोन-तीन ओढींनंतर एक घोट ऐकू येतो. आईचे खांदे खाली येतात. भुकेल्या बाळाच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात. पोट भरत जातं तशा त्या सैल होतात, बोटं एकेक करून उलगडतात आणि बाळ आपणहून सोडतं.