शाळेच्या ग्रंथपालाचा गौरव

दरसाल १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात ग्रंथपालदिन साजरा होतो. हारतुरे होतात, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळ शाळांतील कपाटांस पुन्हा कुलूप लागते. महाराष्ट्र सरकार सार्वजनिक ग्रंथालयांस डॉ. आंबेडकरांच्या नावाने, व तेथील कार्यकर्ते आणि सेवक यांस रंगनाथनांच्या नावाने पुरस्कार देते, हे उचितच होय. परंतु ज्या वयात वाचनाची गोडी लागावयाची, त्या वयाच्या मुलांच्या हाती पुस्तक देणारा शाळेचा ग्रंथपाल ह्या योजनेबाहेरच राहतो. ह्यास न्याय कोण म्हणेल?

त्याचाही जाहीर गौरव व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो सेवेची वर्षे किंवा कपाटांची संख्या मोजून होऊ नये. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हा रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेला पहिलाच नियम कसोटीस लावावा. वर्षभरात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज एकही पुस्तक नाही, त्या मुलाच्या नावावर किती गेली? ह्याची समाधानकारक उत्तरे ज्याच्या देवघेवीच्या वहीत सापडतील, तोच सन्मानास पात्र समजावा.

शाळाचालकांसही आमचे सांगणे आहे. गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर ग्रंथपालास धाडावयाचे, आणि वाचनालय ओस का, म्हणून त्यालाच विचारावयाचे, ही रीत सोडावी. शाल मागाहून द्यावी. आधी त्याचे काम त्याला करू द्यावे.